सांगतंय

दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर. स्थळ: आमच्या घराची मागची पडवी.
हजर: मी. बायको, सुंगटं म्हणजे कोलंबी सोलत. बाबा, हजर पण खुर्चीत डुलकी घेत. चुलतभाऊ, उशिरा, पाय ढोपरापर्यंत वाळूने माखलेले.
गैरहजर: मुलगी, कुडाळला कॉलेजात.
विषय: माझं काम.

बैठक मीच बोलावली होती. चोवीस वर्षं फौजेत काढून वैशाखात घरी आलो, आणि दसरा उलटला तरी हाताला काम नव्हतं. प्रश्न अडकला की माणसं एकत्र बसवायची, कोण काय म्हणतं ते लिहायचं, शेवटी ठरवायचं, ही माझी सवय.

बायकोला 'बैठक' या शब्दाचंच हसू आलं. "घरात चार माणसां. तेंची बैठक कसली? बोला काय ता."

मी आतापर्यंतचा हिशेब मांडला.

पहिला प्रयत्न ओरोसला. तिथे माजी सैनिकांची नावं लिहून घेतात. टेबलामागचे गृहस्थ भले होते. त्यांनी चहा मागवला, मला काय काय येतं ते विचारलं. मी सांगितलं: रेशनचा साठा सांभाळणं, गाड्यांचा ताफा वेळेवर काढणं, लेहच्या थंडीत बटाटा गोठू न देणं. ते थोडा वेळ पेन हातात धरून बसले आणि मग त्यांनी लिहिलं, 'सुरक्षारक्षक'. त्यांचा दोष नव्हता. बटाट्यासाठी रकानाच नव्हता.

दुसरा प्रयत्न कुडाळच्या एमआयडीसीत, एका काजूच्या कारखान्यात. मालकाने स्वतः गोदाम दाखवलं. पोती भिंतीला टेकवून लावली होती. ती हातभर पुढे ओढा, पावसात भिंत पाझरते, असं मी म्हटलं. त्याने लगेच दोन माणसं बोलावून पोती ओढायला लावली. मला वाटलं, काम झालं. निघताना तो म्हणाला, "नंबर ठेवून जावा. सांगतंय."

मी नंबर ठेवला आणि फोनची वाट बघत बसलो. आठवड्याने परत गेलो. "अरे फौजी! सांगतंय म्हटलंय मा!" पुन्हा चहा. त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तेव्हा तो मला बघून मागच्या दाराने निघून गेला.

इथे चुलतभावाने बैठकीत तोंड घातलं. "दादा, तू तीनदा गेलंस? तो बिचारो पयल्याच दिवशी नाय म्हणालो होतो."

"कधी? सांगतो म्हणाला."

बायकोने सुंगटाचं डोकं मोडलं. "सांगतंय म्हणजेच नाय. तोंडार नाय कोण म्हणता? तुमी हयचे मा? इसारलास सगळा?"

विसरलो होतो हे खरं. फौजेत 'सांगतो' म्हणजे सांगतो. संध्याकाळच्या आत सांगितलं नाही तर उभं करून विचारतात.

तिसरा प्रयत्न किनाऱ्यावरचं एक हॉटेल. त्या मालकाला मी पसंत होतो. "गेटार उभे रवा. मेडलां लावन. गाडी इली की एक कडक सॅल्यूट. पावण्यांक बरां वाटता."

मी विचारलं, "सॅल्यूट कोणाला?"

"जो गाडीतसून उतारतलो, तेका."

मी तिथेच नाही म्हणालो. सांगतंय वगैरे नाही, सरळ नाही. ते त्याला अजून लागलेलं आहे. बाजारात भेटला तर तो माझ्याऐवजी दुकानातल्या भोपळ्याकडे बघतो.

आणि आता चौथं. पुण्यात माझे जुने सुभेदारसाहेब आहेत. मूळचे राजस्थानचे, माझ्या आधी निवृत्त झाले, आता एका मोठ्या वसाहतीची राखण त्यांच्याकडे आहे. त्यांना हाताखाली पहारेकऱ्यांवर देखरेख करणारा हवा होता. राहायला खोली, जेवण तिथेच. फोनवर म्हणाले, "दिवाली तक जगह रोक के रखूँगा. सोच के बता." मी म्हटलं, "बताता हूँ, साब."

"तर हे असं आहे," मी बैठकीला म्हणालो. "पुणं घ्यायचं की नाही, ते आज ठरवू."

बाबा जागे झाले, "चाय झाली?" असं विचारून पुन्हा झोपले. चुलतभाऊ बायकोकडे बघत होता. बायकोने सुंगटांची परात बाजूला सारली आणि हात धुतले.

"चोवीस वर्सां ह्या घर मी चलयलंय," ती म्हणाली. "तुमी सुटीर येय होतास तेवा पावणेच होतास. पावण्याक बरां खावक घालूचा, पावण्यार चिडाचा नाय. आता तुमी परत पुण्याक गेलास तर माका काय पयसो कमी पडाचो नाय. पण मगे मरासर पावणेच. जावचा तर जावा. माका इचारू नकात."

इतकं बोलून ती सुंगटं घेऊन आत गेली. बैठक काही न ठरता संपली.

रिकामा माणूस घरात काय करतो, ते त्या आठवड्यात मला नीट कळलं. उजाडायच्या आत उठायचो. अंगण झाडायचो. बायको उठून बघायची तर तिचं काम झालेलं, आणि त्याचा तिला आनंद नव्हता. मग मी नारळ आकाराप्रमाणे लावले. मग विहिरीचा दोर बदलला, जो बदलायची गरज नव्हती. मग स्वयंपाकघरात शिरलो. फडताळातले सगळे डबे उतरवले, पुसले, रोजचे वर आणि कधीतरी लागणारे खाली असे मांडले, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव आणि दर्जा लिहिला. काम चोख झालं होतं. कोणताही तपासणी अधिकारी खूश झाला असता.

दुपारी बांगड्याची कढी चुलीवर उकळत होती आणि आतून आवाज आला. "तिरफळां खंय आसत?"

"खालचा कप्पा. दुय्यम मसाले."

ती पळी घेऊन दारात आली.

"दुय्यम? बांगड्याच्या कढयेत तिरफळ दुय्यम? चोवीस वर्सां तुमी खंय जेवलास?" आणि मग, आवाज खाली आणून, "जरा दर्यार फिरान येवा. जावा."

तेव्हापासून मी रोज सकाळी दर्यावर जाऊ लागलो. आमच्या घरापासून माडांतून वाट आहे. ती संपते तिथे रापण लागते. होडीने दूर समुद्रात अर्धगोल जाळं सोडून येतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन्हीकडून माणसं ते ओढत वाळूत मागे मागे जातात. माझा चुलतभाऊ त्यातला. मी लांब उभा राहून बघायचो आणि मनातल्या मनात सुधारणा करायचो. इथे दोन माणसं जास्त आहेत, तिथे कमी. दोर गुंडाळणारा उन्हात बसलाय, त्याला सावली देता येईल.

एका सकाळी दक्षिणेकडच्या दोरावर माणसं कमी पडली. ओढ इतकी होती की पुढचे दोघे पाण्यात घसरायला लागले. मी चपला काढल्या आणि दोराला हात घातला. हात घातला तसा सवयीने आवाजही निघाला. "जोर लगा के! हैशा!"

कोणीही हैशा म्हणालं नाही. काही बायका हसल्या. रापणीचे तांडेल, म्हणजे जाळं कधी सोडायचं, कधी ओढायचं ते ठरवणारे म्हातारे काका, ते पाण्याच्या कडेवरून ओरडले, "फौजी, हय वर्डर नको! फुडच्याचे पाय बघ!"

मी पाय बघितले. तेव्हा दिसलं, की कोणी जागेवर राहतच नव्हतं. प्रत्येक जण ओढत मागे जातो, शेवटाला पोचला की दोर सोडून चालत पुढे पाण्याकडे येतो आणि तिथे पुन्हा धरतो. मी मात्र पकडलेली जागा सोडत नव्हतो, म्हणून माझ्यापाशी गर्दी तुंबली होती. मागच्याने मला कोपराने ढोसलं. "सोड मरे आता. जा फुडे."

मी सोडला, पुढे गेलो, पुन्हा धरला. असं कितीतरी वेळा. दोराने तळवे सोलले. त्या सकाळी, घरी आल्यापासून पहिल्यांदा, डोक्यात काहीही चाललं नव्हतं.

जाळं बाहेर आलं. तारली पुष्कळ, थोडे बांगडे. बहुतेक मासळी व्यापाऱ्याच्या टोपल्यांत गेली आणि उरलेल्याचे वाळूवर ढीग पडू लागले. ज्याचा दोराला हात लागला त्याचा एक वाटा. तांडेलकाका वाकून हाताने ढीग सारखे करत होते. मी हात झटकले, चपला घातल्या आणि निघालो.

"फौजी, वाटो घेवन जा!"

"नको नको," मी म्हणालो. "मी असाच हात लावला."

काकांचा ढिगावरचा हात थांबला. बाकीचेही बोलायचे थांबले. मला वाटलं, माझा मोठेपणा त्यांना कळला. रेशन स्टोअरमध्ये चोवीस वर्षं काढलेला माणूस वाटपाच्या ढिगातून काही उचलत नाही. एक बटाटासुद्धा नाही. त्यावर माझी सगळी नोकरी उभी होती. मी ताठ मानेने घरी आलो.

चुलतभाऊ थोड्या वेळाने आला तो सरळ स्वयंपाकघरात. "वैनी, दादान आज काय केल्यान ठाऊक आसा? वाटो नको म्हणालो!"

बायको माझ्याकडे बघत राहिली. "कित्याक?"

मी बटाट्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"ता रेशान सरकाराचा," ती म्हणाली. "ह्यो वाटो तुमच्या हाताचो. वाटो कोण घेणा नाय? टुरिस्ट. फोटो काढूक दोर धरतत आणि जातत. तुमी तेंका सांगून इलास, मी टुरिस्ट आसय म्हणान."

"मग त्यांनी दुसऱ्या कोणाला द्यायचा."

"तुज्या हाताचो वाटो दुसरो कोण घेतलो? कोणीच हात लावक नाय तेका," चुलतभाऊ म्हणाला. "मी बघलंय मा. थयच रवलो. मगे घारी इली, मगे कुत्रे."

त्या दुपारी मी नीट जेवलो नाही. पडवीत बसून पुण्याचा विचार केला. पुण्यात माणसाला पगार मिळतो. तो बँकेत येतो. तो घेतला की नाही, यावरून कोणी काही ठरवत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. दोर धरला, पुढच्याचे पाय बघितले, सोडला, पुन्हा धरला. कोणी काही म्हटलं नाही, चांगलं नाही, वाईट नाही. जाळं आलं, ढीग पडले. मोजणं माझ्या रक्तात आहे. दोरावरची माणसं आणि वाळूवरचे ढीग, एक ढीग कमी होता.

एकेक जण आपला वाटा पिशवीत भरून निघाला. मी उभाच. काका जाळ्यातलं शेवाळ काढत बसले होते, मान खाली.

"काका," मी म्हटलं, "माझा वाटा?"

"काय म्हणतंस?"

"माझा वाटा राहिला."

"खंयच्या भाषेत बोलतंस रे? माका आयकाक येणा नाय."

निघालेली माणसं थांबली. मी घसा खाकरला. ही भाषा घरात कानावर पडत होती, पण माझ्या तोंडून कित्येक वर्षांत धड एक वाक्य निघालं नव्हतं.

"काका, माझो वाटो खंय आसा?"

"आसा मरे!" काका इतक्या जोरात म्हणाले, की पाण्यातले दोघेही वळले. "तुजो वाटो कालच्या कुत्र्यांक इचार! बरे जाडे झाले ते!" सगळी रापण हसायला लागली. मग त्यांनी स्वतःच्या ढिगातली तारली दोन्ही ओंजळींनी उचलून माझ्यापुढे धरली. "घे. हात लावलंस काय मागाचो. मागल्याबिगर हय कोण दिता?"

माझ्याकडे पिशवी नव्हती. फौजेची टोपी होती, ती पुढे केली. घरी गेलो तेव्हा बायकोने आधी टोपीत बघितलं, मग माझ्याकडे. "टोपी घरात नको. भायर वाळत घाला," एवढंच म्हणाली. तारलीचं तिखलं मात्र त्या दिवशी फार चांगलं झालं होतं, आणि तिरफळं फडताळात वरच्या कप्प्यात परत गेलेली होती. तिने माझी चिकटपट्टी काढली नव्हती. 'दुय्यम' एवढंच पेनाने खोडलं होतं.

मग मी रोज जाऊ लागलो. एका सकाळी बांगडा इतका लागला, की टोपल्या पुरेनात, आणि नेमका त्याच दिवशी बर्फ आला नाही. बर्फ आणणाऱ्या टेम्पोचं चाक वाटेत बसलं होतं. ऊन चढत होतं. व्यापारी मासळीला बोट लावून बघत होता आणि बोटागणिक भाव खाली आणत होता. माणसं नुसती फोन करत होती, सगळी त्याच एका टेम्पोवाल्याला.

लेहला बटाटा गोठू नये म्हणून आम्ही जे करायचो, तेच मी उलटं केलं. बायकांना माडांच्या सावलीत मासळी हलवायला लावलं, थर पातळ ठेवायला सांगितलं, वर ओली गोणपाटं. चुलतभावाला मोटरसायकलने बर्फ कारखान्यातून भुसा आणायला पिटाळलं. बंद टेम्पो जिथे उभा होता तिथे गावातली दुसरी गाडी पाठवली आणि लाद्या एका गाडीतून दुसऱ्या गाडीत घेतल्या, भुशात दाबून. बर्फ आला तेव्हा बांगडा ताठ होता. ओरडलो थोडा, हे कबूल. त्या दिवशी कोणी 'वर्डर नको' म्हणालं नाही.

संध्याकाळी तांडेलकाका आमच्या पडवीत आले. बाबा जागे होते, दोघांनी पान खाल्लं. मग काका माझ्याकडे वळले.

"बर्फाचा, पेट्यांचा, गाडयेचा, ता सगळा तू बघ. तुका दोन वाटे. एक हाताचो, एक बर्फाचो."

मी वही काढली. "कधीपासून?"

"रापण लागता तेवापासून."

"रोज?"

"लागली तर रोज. नाय लागली तर नाय."

"महिन्याला साधारण किती पडेल?"

काकांनी पानाची पिंक टाकली आणि अंधारात दर्याच्या दिशेने बोट केलं. "ता तेका इचार."

मी काय लिहू ते मला कळेना. वहीत 'तेका' असं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

ते गेल्यावर बायको बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "मगे?"

"विचार करतो."

ती हसली नाही, रागावलीही नाही. पडवीतल्या खांबावर एक खिळा होता, त्यावरची जुनी छत्री काढून तिने आत नेली. दुसऱ्या दिवशी माझी ओली गोणपाटं मी त्या खिळ्यावर टांगली.

त्यानंतर चार दिवस वारा फिरला आणि रापण लागलीच नाही. बर्फ नाही, गाडी नाही, दोन वाटे नाहीत, एकही नाही. मी पडवीत येरझाऱ्या घालत होतो. चपला घालायच्या, माडांपर्यंत जायचं, परत यायचं. तांडेलकाका होडीच्या सावलीत निवांत झोपले होते. आजचा पगार कुठे गेला, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नव्हता. मला पडत होता. पुण्यातल्या खोलीचं दार मला दिसत होतं, त्याला कडी, आत खाट, भिंतीवर कामाच्या पाळ्या लिहिलेला कागद. ते सगळं मला येतं. मासळी किनाऱ्याकडे कधी वळेल, हे येत नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा तारली आली.

आता दिवाळी तोंडावर आहे. मुलगी कुडाळहून आली आहे आणि आकाशकंदील कुठे टांगायचा यावरून आईशी भांडते आहे. दुपारी सुभेदारसाहेबांचा निरोप फोनवर आला: 'बताया नहीं तूने.' मी तो बायकोला वाचून दाखवला.

"तुमी तेंका काय म्हणालास तेवा?"

"बताता हूँ म्हणालो."

"म्हणजे सांगतंय." ती पणत्या पुसत होती. "मगे झाला मा. कळला तेंका."

"ते राजस्थानचे आहेत. त्यांना नाही कळायचं. ते वाट बघतायत."

"मगे सांगा तेंका."

"काय सांगू?"

त्यावर तिने एक पणती उजेडात धरून बघितली, तडा होता, ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. माका इचारू नकात, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

सुभेदारसाहेबांना मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. एकदाही नाही. आणि मुख्य म्हणजे, त्यांना 'नाही' म्हणायचं आहे की 'येतो', हे मी स्वतःला अजून धडपणे सांगितलेलं नाही. तीनदा फोन हातात घेतला. एकदा नंबरही लावला, वाजायच्या आत बंद केला.

उद्याची कामं लिहून ठेवली आहेत. पहाटे बर्फाच्या लाद्या. गळक्या दोन पेट्या काकांच्या पुतण्याकडून बदलून घेणे. बाबांच्या चष्म्याची काडी. कंदिलासाठी वायर.

पुण्याला फोन. हे कालच्या यादीतून आजच्या यादीत आलं, आणि आजच्या यादीतून उद्याच्या.